वेशीपुरतं चॅनल

‘टीव्हीवर मुंग्या येतात’ म्हणजे काय, हे आता शाळकरी मुलांना समजावून सांगावं लागतं. माळवदावर एकजण ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटिना धरून उभा आहे. दुसरा खाली दारात उभा राहून ओरडतो आहे, “आलं, आलं... गेलं! परत मागं घे!” आणि आत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या गर्दीतून कुणाचा तरी चेहरा क्षणभर वर येतो आणि पुन्हा बुडतो. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत हा खेळ पुष्कळ वर्षं चालला. अँटिना कोणत्या दिशेला लावायची, हे ज्याला नेमकं कळे, त्या पोराला गल्लीत मान असे.

चुडावा हे असंच एक गाव. पूर्णा तालुक्यातलं, पूर्णा जंक्शन आणि नांदेड यांच्या मधलं रेल्वे स्टेशन. निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबादहून मनमाडकडे जी मीटरगेज लाईन टाकली गेली, तिच्यावरचं. म्हणजे आगगाडी इथं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आली. तारायंत्र तिच्यासोबत आलं. मग रेडिओ आला, टीव्ही आला. पण एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गाडीतून चुडाव्याचा माणूस नांदेडला जाऊ शकत होता आणि नांदेडचा चुडाव्याला येऊ शकत होता. टीव्हीच्या बाबतीत रस्ता एकेरी होता. चित्र दिल्लीहून येई, मुंबईहून येई, पुढे हैदराबादहून आलं. चुडाव्याहून मात्र ते कुठंच जात नव्हतं. शेजारच्या लिंबगावला किंवा पूर्णेलासुद्धा नाही.

गावाला किंवा तालुक्याला स्वतःचं टेलिव्हिजन केंद्र असू शकतं का, हा या प्रकरणाचा विषय आहे. वेडगळ वाटेल असा हा प्रश्न मुळीच नाही. महाराष्ट्रात अशी शेकडो केंद्रं होऊन गेली. त्यांच्या कुणी इमारती पाहिल्या नाहीत, कारण ती बहुधा एखाद्या दुकानाच्या वरच्या खोलीत होती. त्यांचे मनोरे नव्हते, कारण ती हवेतून बोलतच नव्हती. ती तारेतून बोलत होती.

अमेरिकेत ‘स्थानिक स्वतंत्र केंद्र’ या शब्दांना नेमका अर्थ आहे. तिथं मोठ्या कंपन्यांची राष्ट्रीय जाळी आणि त्यांना जोडलेली गावोगावची केंद्रं अशी रचना होती. जे केंद्र कुठल्याच जाळ्याला बांधलेलं नसे, ते स्वतंत्र. त्याला स्वतःचा परवाना, स्वतःचा मनोरा आणि स्वतःच्या गावचे जाहिरातदार असत. जुने चित्रपट, गावातले खेळ आणि स्थानिक बातम्या यांवर ते जगे. केबलचा जन्मही तिथलाच, आणि तोही लहान गावातला. पेनसिल्व्हेनियातल्या महानॉय सिटी या डोंगराआडच्या खाणगावात फिलाडेल्फियाचं चित्र पोचत नव्हतं. तिथल्या विजेच्या वस्तूंच्या एका दुकानदाराने, जॉन वॉलसनने, १९४८ मध्ये डोंगरावर अँटिना उभारून तिथून तार खाली दुकानापर्यंत आणली, असं सांगितलं जातं. पहिला कोण, यावर तिथं वाद आहे. पण टीव्ही संच विकायचे तर आधी चित्र दिसलं पाहिजे, हा दुकानदाराचा साधा हिशेब होता आणि तो वादाच्या पलीकडचा आहे. आपल्याकडेही पुढे केबलचा धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांनी आणि कॅसेटच्या दुकानदारांनीच हातात घेतला, हा योगायोग नव्हे.

भारतात मनोरा सरकारचा. १८८५ च्या तार कायद्याने हवेतून संदेश पाठवण्याचा हक्क सरकारकडे ठेवला होता आणि स्वातंत्र्यानंतरही तो तसाच राहिला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक टेलिव्हिजन सुरू झालं. मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आलं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्याला ते दिसू लागलं. ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम मुंबईहून होत होता आणि चांगला होत होता. पण ज्या मातीबद्दल तो होता, त्यातल्या बऱ्याचशा मातीवर त्या काळी तो दिसतच नव्हता. मराठवाडा तर फार लांबच.

इथं एक हुकलेली गाडी सांगितली पाहिजे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने जगातला एक विलक्षण प्रयोग केला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेतला आणि त्यावरून थेट खेड्यांत टीव्ही दाखवला. त्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव ‘साइट’. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं निवडली होती. प्रत्येक गावात शाळेत किंवा पंचायतीत एक सामुदायिक संच आणि त्याच्याजवळ कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशा जाळीची तीन मीटरची छत्री. सकाळी मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास. या प्रयोगाची व्यवस्थापकीय धुरा एकनाथ वसंत चिटणीस या कोल्हापुरात जन्मलेल्या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. विक्रम साराभाईंच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस. थुंबा आणि श्रीहरिकोटा इथल्या जागा निवडण्यातही त्यांचा वाटा होता.

पण निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर होते. आंध्रातले मेदक आणि महबूबनगर होते. आता जुना नकाशा डोळ्यांसमोर आणा. निजामाच्या राज्याचे तीन भाषिक भाग : तेलंगणा, कानडी मुलूख आणि मराठवाडा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे तिघे एकाच घरात नांदले, दुष्काळ आणि मागासलेपण तिघांच्या वाट्याला सारखंच आलं. त्यांतल्या दोघांच्या शाळांत १९७५ मध्ये तेलुगू आणि कन्नड चित्रं हलू लागली. मराठवाड्याच्या वाट्याला ते वर्ष आलं नाही. सहा राज्यं निवडण्यामागे तांत्रिक आणि भाषिक कारणं होती, कुणाचा आकस नव्हता. तरीही एका मराठी माणसाने चालवलेल्या प्रयोगात मराठी नव्हती, याची रुखरुख वाटतेच.

साइटची मुलं मात्र गुजरातेत वाढली, आणि ‘स्थानिक केंद्र’ या कल्पनेचा भारतातला सर्वांत खरा नमुना तिथंच पाहायला मिळतो. खेडा जिल्ह्यात, नडियादजवळ पिज नावाचं गाव आहे. तिथं एक किलोवॉटचा छोटा प्रक्षेपक १९७५ मध्ये उभा राहिला. सुमारे ३५ किलोमीटरचा पल्ला, त्यात सुमारे ४०० गावं आणि सुमारे ६५० सामुदायिक संच. बरेच संच दूध सोसायट्यांत ठेवलेले. खेडा म्हणजे अमूलचा जिल्हा. संध्याकाळी दूध घालायला माणसं जमतातच, तिथंच टीव्ही. कार्यक्रम बनवणारी मंडळी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातली. पण लिखाण गावाकडच्या माणसांचं, भाषा तिथल्या चरोतर भागाची आणि गाणी-नाटकं भवाई या लोकनाट्याच्या ढंगाची. ‘चतुर मोटा’ ही मालिका हुंडा आणि विधवाविवाह यांवर होती. शेतमजुरांना किमान मजुरी मिळते का, हा प्रश्नही त्या पडद्यावर विचारला गेला. तो विचारणारी माणसं, मजुरी देणारी माणसं आणि बघणारी माणसं, सगळी एकाच पल्ल्यातली होती. मुंबईहून किंवा दिल्लीहून हाच प्रश्न विचारला तर तो भाषणात जमा होतो. पिजहून विचारला की त्याला नाव आणि पत्ता येतो. टीव्ही स्थानिक असण्याचा खरा अर्थ मला तरी इथं सापडतो.

खेडा प्रकल्पाला युनेस्कोचा ग्रामीण संवादासाठीचा पुरस्कार मिळाला. पण १९८५ मध्ये पिजचं वेगळं प्रक्षेपण बंद करायचं ठरलं, कारण आता मोठे मनोरे आले होते आणि एकच चित्र सगळ्यांना पुरेल असं मानलं जात होतं. लोकांनी विरोध केला. आपल्या गावातलं टीव्ही केंद्र वाचवायला खेड्यातली माणसं उठली, असं उदाहरण आपल्या देशात दुसरं सांगता येणार नाही. तरी ते केंद्र टिकलं नाही.

तोवर महाराष्ट्रात दूरदर्शनचे मनोरे भराभर उभे राहत होते. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंग आला. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह वर गेला आणि दिल्लीचं चित्र कुठंही उतरवता येऊ लागलं. १९८४ च्या सुमाराला तर देशात जवळजवळ रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. यातले बहुतेक ‘लघुशक्ती’, म्हणजे शंभर वॉटचे. शंभर वॉट म्हणजे घरातल्या एका जुन्या मोठ्या बल्बाइतकी शक्ती. त्यात एक शहर आणि भोवतालची वीसेक किलोमीटरची गावं भागत. मराठवाड्यात म्हैसमाळ आणि अंबाजोगाई या उंच ठिकाणी मोठे मनोरे आले, तेव्हा खेड्यांतल्या अँटिनांना खरी दिशा मिळाली.

मात्र प्रक्षेपक म्हणजे केंद्र नव्हे, आणि ही गल्लत तेव्हा सर्रास होत असे. ‘आमच्या जिल्ह्यात टीव्ही केंद्र आलं’ असं लोक अभिमानाने म्हणत. तिथं स्टुडिओ नसे, कॅमेरा नसे. उपग्रहाकडे तोंड करून एक छत्री, आत दोन कपाटांएवढी यंत्रं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे दोन-चार कर्मचारी. वरून आलेलं चित्र खाली पसरवायचं, एवढंच काम. जिल्ह्याच्या ठिकाणी पूर आला तरी त्याच जिल्ह्याच्या प्रक्षेपकावरून त्याचं एक दृश्य दाखवायची सोय नव्हती. दिल्लीने दाखवलं तरच परभणीला परभणी दिसणार.

याच काळात खेड्यात दुसरं यंत्र शिरलं : व्हीसीआर. लग्नात, जत्रेत, गणपतीत भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणायचा, जनरेटर लावायचा आणि रात्रभर तीन-तीन पिक्चर बघायचे. या रात्रींना लोकप्रिय इतिहासात फार कमी जागा मिळाली आहे. पण पडद्यावर काय दाखवायचं हे इथंच ठरवता येतं, ही गोष्ट गावाला पहिल्यांदा त्या रात्री कळली. कॅसेट कोणती लावायची यावर भांडणं होत. दूरदर्शनबद्दल तक्रार करता येत होती, पण भांडता येत नव्हतं.

मुंबईत १९८४ च्या आसपास उंच इमारतींत कुणीतरी ही व्हीसीआरची वायर एका घरातून सगळ्या घरांत नेली. भारतातल्या केबल टीव्हीची ही सुरुवात. महिन्याची वर्गणी द्या, दुपारी आणि रात्री पिक्चर बघा. या पिक्चरांचे हक्क बहुतेकांकडे नव्हते. चित्रपटवाल्यांचं त्यात खरंच नुकसान होत होतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झालं, मोठ्या हॉटेलांनी छत्र्या बसवून सीएनएन दाखवलं आणि केबलवाल्यांना छत्रीची ताकद समजली. त्यापाठोपाठ स्टार आलं आणि २ ऑक्टोबर १९९२ पासून झी. केबल शहरातून तालुक्याला, तालुक्यातून स्टेशनच्या गावांना आणि तिथून बाजारपेठेच्या खेड्यांना गेली.

आता केबलवाल्याच्या खोलीत शिरू या, कारण आपली गोष्ट तिथं घडते. तिला तो ‘कंट्रोल रूम’ म्हणतो. बाहेर गच्चीवर दोन-तीन छत्र्या. प्रत्येक छत्रीच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी उपग्रहाचे क्षीण संकेत गोळा करतो. आत रिसीव्हरांची रांग, एका चॅनलला एक. रिसीव्हरमधून निघालेलं चित्र आणि आवाज मॉड्युलेटर नावाच्या डब्यात जातात. मॉड्युलेटरचं काम सोपं आहे. तो त्या चित्राला एक जागा नेमून देतो, म्हणजे एक ठरावीक वारंवारता. कुणाला चार नंबर, कुणाला सात. मग कंबाइनर ही सगळी चित्रं एकाच तारेत ओततो. शंभर माणसं एकाच रस्त्याने चालली आहेत, पण प्रत्येकाने आपापली कड धरली आहे, असं समजा. घरातला टीव्ही ट्यून करणं म्हणजे त्या रस्त्यावरच्या एका माणसाला ओळखून हाक मारणं.

ही तार म्हणजे कोॲक्सियल. मधे तांब्याचा गाभा, भोवती फोम आणि त्यावर जाळी. तिच्यातून जाताना संकेत थकतो. घराघरांत जाणारी बारीक तार वरच्या वारंवारतेला शंभर मीटरमध्ये मूळ शक्तीचा जेमतेम शंभरावा हिस्सा शिल्लक ठेवते. खालच्या वारंवारतेला गळती बरीच कमी असते. म्हणून मुख्य लाईनला जाड तार आणि ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर लावावा लागे. त्याला वीज लागे. ज्या गल्लीत ॲम्प्लिफायर, त्या गल्लीची लाईट गेली की पुढच्या सगळ्या गल्ल्यांत मुंग्या. मराठवाड्यात भारनियमनाच्या वर्षांत ‘केबल का बंद आहे?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा महावितरणकडे असे, पण शिव्या केबलवाल्याने खाल्ल्या. लाईनच्या शेवटच्या घरांना खालचे नंबर स्वच्छ आणि वरचे खरखरीत दिसत, तेही याच गळतीमुळे. त्यात जुन्या संचाला बटणंही आठ नाही तर बाराच. त्यामुळे कोणतं चॅनल खाली बसवायचं, हा मोठ्या पैशांचा प्रश्न झाला. खुद्द कायद्यानेही दूरदर्शनला या चांगल्या पट्ट्यात जागा राखून ठेवली.

आणि इथंच ती किल्ली आहे. समजा एक मॉड्युलेटर रिकामा आहे. त्याला उपग्रहाच्या रिसीव्हरऐवजी व्हीसीआर जोडला, तर? तर त्या नंबरवर गावभर तुम्ही लावलेली कॅसेट दिसते. व्हीसीआर काढून तिथं कॅमेरा जोडला, तर? तर तुमच्यासमोर जे घडतं आहे, ते त्याच क्षणी गावभर दिसतं. मनोरा नको, उपग्रह नको, दिल्लीची परवानगी तर त्या दिवसांत कुणी मागितलीही नाही. लग्नाचं शूटिंग करणारा एक व्हिडिओवाला, एक रिकामा मॉड्युलेटर आणि हजारभर घरांत आधीच गेलेली तार. एवढ्या सामग्रीवर टेलिव्हिजन केंद्र उभं राहतं. एखादं यंत्र शोधून काढणं आणि त्यातली रिकामी जागा ओळखणं, या दोन वेगळ्या प्रतिभा आहेत. दुसरीचं श्रेय तालुक्याच्या गावांना द्यायला हवं.

या चॅनलांवर काय दिसे? आधी गणपती. विसर्जनाची मिरवणूक तीन-चार तास, जशी घडली तशी, न कापता. संपादन नव्हतं म्हणून ती कंटाळवाणी असेल, असं बाहेरच्याला वाटतं. गावाला ती कधीच कंटाळवाणी वाटली नाही, कारण प्रत्येक घर त्या गर्दीत आपलं माणूस शोधत असे. “आपली पोरगी दिसली की टीव्हीत!” या एका वाक्यासाठी माणसं चार तास बसत. मग शाळेचं गॅदरिंग, हरिनाम सप्ताहाचं काल्याचं कीर्तन, भीमजयंती, उरूस, कुस्त्यांचा फड. दहावी-बारावीच्या निकालानंतर गुणवंत मुलांचे सत्कार. खाली सरकणारी पट्टी : वाढदिवसाच्या शुभेच्छा, साड्यांचा सेल, क्लासच्या जाहिराती, नव्या दवाखान्याचं उद्घाटन, हरवलेलं पाकीट आणि निधनवार्ता. निधनाची पट्टी हे या चॅनलांचं सर्वांत उपयोगाचं काम होतं, असं मला वाटतं. अंत्यविधी किती वाजता, ही गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या पेपरपर्यंत थांबू शकत नाही. पूर्वी त्यासाठी गावात दवंडी होती, मोटारसायकलवर माणूस पाठवावा लागे. केबलच्या पट्टीने दवंडीची जागा घेतली आणि तीही पूर्ण अदबीने.

मोठ्या शहरांत ही चॅनलं बाळसं धरून मोठी झाली. नागपूरचं यूसीएन, कोल्हापूरचं चॅनल बी, गोव्यात कोकणी-मराठी बातम्या देणारं प्रुडंट : यांना वार्ताहर आले, स्टुडिओ आले, निवडणुकीच्या रात्री वॉर्डनिहाय निकाल आले. ग्रामपंचायतीचा निकाल राष्ट्रीय वाहिनी कधीही दाखवणार नाही. राज्य पातळीवरच्या वाहिन्यांनी थोडी दरी भरली. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून २००० मध्ये सुरू झालेल्या ई टीव्ही मराठीने जिल्ह्याजिल्ह्यातल्या बातम्यांना नियमित जागा दिली. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आले. पण जिल्ह्याची बातमी म्हणजे बहुधा दुष्काळ, अपघात नाही तर मोर्चा. सुखाची बातमी तालुक्याच्या तारेवरच राहिली.

एक बाजू मात्र सांगायलाच हवी. तार ज्याच्या हातात, पडदा त्याच्या हातात. ज्या गावात एकच केबलवाला, तिथं कुणाची सभा दाखवायची आणि कुणाची लाईन नेमकी सभेच्या वेळी ‘खराब’ व्हायची, हे ठरवणं अवघड नव्हतं. म्हणूनच स्थानिक पुढाऱ्यांना केबलमध्ये रस आला. तार गावभर फिरली तरी सगळ्या वस्त्यांत एकाच वेळी फिरली नाही. बाजारपेठेत आधी, गावकुसाबाहेर शेवटी. स्थानिक म्हणजे आपोआप सगळ्यांचं, असं नसतं. खेडा जिल्ह्याच्या प्रयोगात निदान संच सगळ्यांसाठी एका जागी ठेवलेला होता.

१९९५ हे साल या गोष्टीत दोनदा येतं. ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. तीन न्यायमूर्तींत आपले पी. बी. सावंत होते. एखाद्या माणसाच्या बोलण्याच्या हक्कात ऐकणाऱ्याचा वेगवेगळ्या बाजू ऐकण्याचा हक्कही येतो, हा त्या निकालाचा गाभा. लहरी जनतेच्या असतील तर पूर्णा तालुक्यातल्या जनतेच्याही आहेत, असा अर्थ कुणीही काढला असता. रेडिओपुरता तो काही वर्षांनी काढला गेला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्रं चालवता येऊ लागली. साताऱ्याच्या माणदेशातलं ‘माणदेशी तरंग’ त्यातूनच उभं राहिलं. टेलिव्हिजनपुरता मात्र तो अर्थ कधीच काढला गेला नाही. सामुदायिक टीव्हीचा परवाना ही गोष्टच आपल्याकडे नाही. पन्नास वॉटचा रेडिओचा मनोरा गाव उभारू शकतं, टीव्हीचा नाही. मला हा भेद पटत नाही आणि त्याचं समाधानकारक उत्तर मी अजून वाचलेलं नाही.

त्याच वर्षी २५ मार्चला केबल टेलिव्हिजन जाळ्यांचं नियमन करणारा कायदा आला. त्याने केबलवाल्याला धंदेवाईक ओळख दिली. नोंदणी कुठं, तर मुख्य टपाल कचेरीत. आज हे गमतीचं वाटेल, पण त्यात एक सातत्य होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ आणि टीव्ही संचांचं लायसन लोक टपाल कचेरीतच भरत होते. दर वर्षी अर्ज, थोडी फी आणि एक शिक्का. कार्यक्रम कसे नसावेत याची संहिता या केबल कायद्यात होती, जिल्हाधिकाऱ्यांना उपकरणं जप्त करण्याचा अधिकार होता आणि करमणूक कर तहसीलला भरावा लागे. केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनलला त्या कायद्यात वेगळा परवाना नव्हता आणि सरळ बंदीही नव्हती. या मोकळ्या पट्ट्यात ही छोटी केंद्रं वीस वर्षं जगली.

मग सेट-टॉप बॉक्सचा डब्बा आला. डिसेंबर २०११ मध्ये कायदा बदलून केबल डिजिटल करायचं ठरलं, टप्प्याटप्प्याने. मुंबई २०१२ च्या ऑक्टोबरअखेर, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद अशी शहरं २०१३ च्या मार्चअखेर. उरलेला शहरी भाग २०१५ च्या डिसेंबरअखेर ठरला. चुडाव्यासारख्या खेड्यांचा टप्पा चौथा आणि शेवटचा. त्याची मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढवली गेली. प्रेक्षकाला यात फायदा झाला हे खरंच आहे. चित्र स्वच्छ झालं, मुंग्या कायमच्या गेल्या, चॅनलं शेकड्यांनी वाढली. पण डिजिटल संकेत तयार करायला, तो कुलूपबंद करायला आणि कोणत्या घरात कोणतं चॅनल उघडायचं याचा हिशेब ठेवायला जी यंत्रणा लागते, ती तालुक्याच्या केबलवाल्याला झेपणारी नव्हती. त्याने मोठ्या शहरातल्या कंपनीचा फायबर घेतला. त्याच्या गच्चीवरच्या छत्र्या गंजल्या, मॉड्युलेटर भंगारात गेले. आणि मॉड्युलेटर गेला तशी ती रिकामी जागाही गेली. आता आपल्या गावची मिरवणूक दाखवायची तर ती आधी दूरच्या कंपनीकडे पाठवायची, तिथून ती साऱ्या जिल्ह्यांच्या डब्ब्यांत कुठल्यातरी तीन आकडी नंबरवर बसणार. पैसे मोजले तर.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्राने या स्थानिक चॅनलांसाठी नियम केले. त्यांना ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असं नाव दिलं. चॅनल चालवणारी संस्था नोंदणीकृत कंपनी हवी, चॅनलामागे एक हजार रुपये फी, एकूण चॅनलांच्या पाच टक्क्यांपर्यंतच मर्यादा आणि कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग नव्वद दिवस जपून ठेवायचं. जानेवारी २०२५ पासून केबलवाल्याची नोंदणीही टपाल कचेरीतून उठून थेट मंत्रालयाच्या संगणकावर गेली. पाच वर्षांसाठी पाच हजार रुपये.

तोवर पोरं पुढे गेली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, स्वस्त डेटा आला आणि व्हिडिओवाल्याने मोबाइल उचलला. आज पूर्णा-नांदेड पट्ट्यातली मिरवणूक, कीर्तन, कुस्ती यूट्यूबवर थेट दिसते आणि पुण्याला कामाला गेलेला मुलगाही ती बघतो. केबलची तार वेशीपर्यंतच जात होती, ही तिची मर्यादा संपली. निधनाची पट्टी व्हॉट्सॲपच्या गटात गेली. फक्त एक फरक पडला. तार एका वेळी अख्ख्या गावाला एकच गोष्ट दाखवत असे आणि दुसऱ्या दिवशी हौदावर, टपरीवर, मळ्यात तिच्यावर बोलणं होई. आता ज्याचं त्याचं चॅनल ज्याच्या त्याच्या हातात आहे.

राहिल्या कॅसेटी. विसाव्या शतकाची शेवटची दहा-बारा वर्षं मराठवाड्यातली गावं कशी दिसत होती, माणसं कशी बोलत होती, लेझीम कसं खेळत होती, आठवडी बाजारात काय मांडलं जात होतं, याचं हलतं चित्र दूरदर्शनकडे फार थोडं असणार. ते आहे केबलवाल्यांच्या आणि लग्नाच्या व्हिडिओवाल्यांच्या माळ्यावर, व्हीएचएसच्या डब्यांत. त्यातल्या पुष्कळशा कॅसेटींवर पुढच्या वर्षीचा गणपती भरला गेला, कारण नवी कॅसेट महाग होती. ज्या वाचल्या त्यांच्या फितीवर पावसाळ्याच्या दमटीने पांढरी बुरशी धरते. फितीवरचं चित्र चुंबकीय कणांच्या पातळ थरावर लिहिलेलं असतं आणि थर सुटू लागला की चित्रात पुन्हा मुंग्या येतात, त्याच जुन्या. अशी कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडला चिकटते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. आधी कोरड्या जागी काही दिवस ठेवायची, कवच उघडून फीत मऊ कापडाने हलक्या हाताने पुसायची, मग एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवायची. संगणकात उतरवण्याला घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, ती जशी चालते तशीच समोर बसून बघावी लागते. आणि बघताना शेजारी गावातलं एखादं वयस्कर माणूस बसवावं. पडद्यावरून जाणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याचं नाव, घर आणि गल्ली तेच सांगू शकतं.